उपनगर आहे, पण कागदावर खेडं

२०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली आणि तेव्हाच्या औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पावणेबारा लाख. एक गाव समुद्राला खेटून लोकलच्या रुळांवर वाढलेलं, दुसरं समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, काळ्या दगडावर. तरी जुळतं बरंच. दोन्ही पालिकांत नगरसेवक ११५. दोन्हींची मुदत २०२० मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत दोन्हीकडं प्रशासकच कारभार पाहत होता. उपनगर आखायला दोन्हीकडं सिडकोच आली. पाण्याचं रडगाणंही सारखंच: तिकडं किनाऱ्याजवळ बोअर मारला की खारं पाणी लागतं, इकडं बेसाल्टच्या भेगेत थोडं पाणी सापडतं आणि शेजाऱ्यानं शंभर फूट खोल जाऊन दुसरा बोअर मारला की तेही जातं.

एका बाबतीत मात्र जुळत नाही. वसईकडच्या चार नगरपालिका आणि ५३ गावं जुलै २००९ मध्ये एकत्र करून महापालिका झाली. ते बरोबर झालं की चूक, यावर तिथं आजही भांडण आहे, पण शहर वाढलं हे सरकारनं कागदावर तरी मान्य केलं. आपल्याकडं, छत्रपती संभाजीनगरच्या कडेला, वाळूज पट्टा आहे. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये तिथं सुरू झाला, त्यामागून सुट्या भागांचे छोटे-मोठे कारखाने आले आणि चाळीस वर्षांत बजाजनगर-वडगाव कोल्हाटी, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर, तीसगाव, वाळूज ही गावं एकमेकांत इतकी मिसळली की एकाची शीव कुठं संपते आणि दुसऱ्याची कुठं लागते हे रिक्षावाल्याला सांगता येत नाही. तरीही हा सगळा पट्टा ग्रामपंचायतींच्या हाती आहे. सरपंच, ग्रामविकास अधिकारी, ग्रामसभा, पाणीपट्टीचं पुस्तक, सगळं खेड्याचं.

आमचं म्हणणं सरळ आहे. वाळूज पट्ट्याला स्वतःची नगर परिषद हवी, आणि ती मागण्याआधी तिथली माणसं चुलीगणिक मोजायला हवीत. जनगणनेची वाट पाहून हे होणार नाही. जनगणना झाली तरी आपोआप होणार नाही.

खेडं राहिल्यानं नेमकं काय बिघडतं? ग्रामपंचायतीच्या सदस्यसंख्येपासून पाहा. महाराष्ट्रात दीड हजार वस्तीपर्यंत ७ सदस्य, तीन हजारांपर्यंत ९, साडेचार हजारांपर्यंत ११, सहा हजारांपर्यंत १३, साडेसात हजारांपर्यंत १५ आणि त्यापुढं १७. हे 'त्यापुढं' कुठंच थांबत नाही. आठ हजारांच्या गावाला १७ सदस्य आणि पन्नास हजारांच्या उपनगरालाही १७. म्हणजे एका ठिकाणी पाचशेंमागं एक सदस्य आणि दुसऱ्या ठिकाणी तीन हजारांमागं एक. त्यातही उपनगरातल्या बहुतेकांचं मतदान गावाकडं, त्यामुळं सदस्य निवडून येतो तो जुन्या गावठाणातून आणि गटार व्हायचं असतं नव्या गल्लीत.

पाण्याचं गणित तर याहून उघड आहे. जलजीवन मिशनमध्ये गावासाठी माणशी रोज ५५ लिटर धरतात. नळ आहे पण भुयारी गटार नाही अशा शहराला ७०, आणि भुयारी गटार असलेल्या शहराला १३५. रस्त्याच्या एका बाजूला महापालिकेची हद्द आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत असेल, तर एकाच कंपनीत एकाच पाळीला जाणाऱ्या दोघांच्या अंघोळीचं पाणी सरकारी तक्त्यात अडीच पटींनी वेगळं ठरतं. ६०,००० वस्ती धरा. ५५ लिटरनं रोज ३३ लाख लिटर, १३५ लिटरनं ८१ लाख. फरक ४८ लाख लिटरचा, म्हणजे दहा हजार लिटरचे ४८० टँकर, रोज. एवढे टँकर कुणी आणत नाही. लोक कमी पाण्यात भागवतात आणि उरलेलं जारनं विकत घेतात. नियोजनाच्या भाषेत या भागवण्याला 'मागणी कमी आहे' असं म्हणतात.

शहरासाठी जायकवाडीवरून २,५०० मिलीमीटर व्यासाची सुमारे ३९ किलोमीटरची नवी जलवाहिनी आखली गेली. क्षमता रोज ३९२ दशलक्ष लिटर. खर्च १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेला. ३९२ दशलक्षला १३५ नं भागलं तर २९ लाख माणसं येतात. गळती वजा केली तरी शहराच्या आजच्या गरजेपेक्षा ही वाहिनी मोठी आहे. पण ती महापालिकेच्या हद्दीसाठी. वाळूज पट्टा एमआयडीसीच्या योजनेवर, ग्रामपंचायतीनं ठोक पाणी घ्यायचं आणि बिल थकलं की दाब कमी व्हायचा, या चक्रात. धरण एकच, जायकवाडी, म्हणजे नाथसागर. तिथून निघणाऱ्या नळांच्या हद्दी मात्र वेगळ्या.

बाकीची मापंही अशीच. ग्रामीण भागात पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हजारी एक आशा, चारशे ते आठशे वस्तीला एक अंगणवाडी. मापं वाईट नाहीत. त्यात घातलेला लोकसंख्येचा आकडा २०११ चा आहे, ही अडचण आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा निधीही २०११ च्याच लोकसंख्येवर वाटला गेला. ज्या गावाची वस्ती तेव्हापासून तेवढीच आहे किंवा घटली आहे, त्याला काही तोटा नाही. ज्या गावात दर वर्षी दोन-तीनशे नव्या खोल्या उठतात, तिथं तोच निधी दर वर्षी आणखी पातळ होतो.

आता तिथं राहतं कोण, ते जवळून पाहू. रांजणगाव किंवा जोगेश्वरीतली नेहमीची गल्ली घ्या. वीस बाय तीस फुटांच्या गुंठेवारी प्लॉटवर तळमजला अधिक दोन. तळाला मालक किंवा एखादं किराणा दुकान. वरच्या दोन मजल्यांवर दहा बाय दहाच्या सहा-सात खोल्या, मजल्यागणिक एक संडास, जिन्याखाली मोटार, गच्चीवर दोन हजार लिटरची काळी टाकी. दारापुढं दोनशे लिटरचे निळे ड्रम, काहींना साखळी लावून कुलूप. कुलूप ड्रमाला नसतं, पाण्याला असतं. एका खोलीत नवरा-बायको आणि दीड वर्षाचं लेकरू, शेजारच्या खोलीत केज-परळीकडची चार पोरं, दोन पहिल्या पाळीत आणि दोन रात्रपाळीत, म्हणून गाद्या दोनच. त्यापलीकडं बिहारचे तिघं. वीजमीटर एक, फार तर दोन. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, या सगळ्यांसाठी एक ओळ: मालकाचं नाव, पक्कं घर, चौरस फूट, कर.

या गल्लीचं वय वीस ते पस्तीस आहे. साठीच्या पुढचं माणूस दिसलं तर ते बहुधा सुनेच्या बाळंतपणाला आलेलं असतं, पेरणीला परत जाणार असतं. म्हातारी माणसं गावाकडं, कमावती इकडं, असं मराठवाड्याचं वय सरळ दोन तुकड्यांत फाटलं आहे. त्यामुळं गावाकडच्या आरोग्य केंद्राला रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या कमी पडतात आणि वाळूजच्या केंद्राला लसी. दोन्ही केंद्रांना सरासरीच्या एकाच हिशेबानं साठा दिला, की दोन्हीकडं चुकतो. मुलींचा प्रश्नही इथंच येऊन मिळतो. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. ती मुलं आता पंधरा ते एकवीस-बावीस वर्षांची आहेत आणि त्यातली थोरली याच खोल्यांत येऊ लागली आहेत. चार-चार पोरांच्या खोल्या पुढं का लांबतील, लग्नं का जमणार नाहीत, याचं एक उत्तर त्या आकड्यात आहे. एकट्या पुरुषांची वस्ती वाढली की मेस, जार, दारूचं दुकान आधी येतं आणि पाळणाघर सगळ्यात शेवटी.

संभाजीनगरच्याच बीड बायपासपलीकडं सातारा-देवळाईत लोकसंख्येचा चेहरा निराळा. तिथं शिक्षक, पोलीस, बँकवाले, शेती विकून लेकरांच्या शिक्षणासाठी आलेली बीड-जालना-परभणीकडची कुटुंबं, आणि निवृत्त माणसं. मुलं दहावी-बारावीची, आजी-आजोबा सोबत. इथं बालवाडीपेक्षा बस, आणि प्रसूतिगृहापेक्षा चालायला सपाट रस्ता लागतो. लातूरची तर तऱ्हाच वेगळी. शिकवणी वर्गांच्या भोवतीच्या वसतिगृहांची लोकसंख्या जूनमध्ये चढते आणि परीक्षा संपल्या की उतरते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा लातुरात माणसं किती, याचं उत्तर महिन्यागणिक बदलणारं होतं. 'उपनगर' म्हणून तिघांना एकच योजना लावणं हे त्यांना खेडं म्हणण्याइतकंच आळशी आहे.

मग जनगणना हे सगळं दाखवणार नाही का? काही दाखवील. जनगणनेला उपनगर ओळखता येतं. किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, एवढं जुळलं की त्या गावाला 'जनगणना शहर' म्हणतात. देशात अशी शहरं २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ती ३,८९० च्या पुढं गेली. पण हा शिक्का मोजणीपुरता. कारभार खेड्याचाच राहतो. राज्य सरकारनं अधिसूचना काढेपर्यंत जनगणना शहराला नगर परिषदेचा एक रुपया किंवा एक अभियंता मिळत नाही.

शिवाय मोजणीच चुकण्याची भीती आहे. लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे, संदर्भ १ मार्चचा. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात. बीडच्या तांड्या-वस्त्यांना कुलपं आणि माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. कोप्यांकडं कुणी गेलं नाही तर ती दोन्हीकडून गळतात. वाळूजच्या खोलीत उलटं घडतं. पोराचं नाव गावाकडं आई सांगते, 'कंपनीत आहे, सणाला येतो', आणि तिथं मोजलं जातं. इथं तो पहिल्या पाळीला गेलेला असतो. प्रगणक बहुधा शाळेतले गुरुजी किंवा बाई. त्यांच्या वाट्याला दीड-पावणेदोनशे घरं, शाळा सांभाळून. ते येतात दुपारी. दुपारी खोलीला कुलूप, किंवा आत रात्रपाळीवाला झोपलेला. मग प्रश्न मालकाला विचारले जातात. मालक म्हणतो, 'वर दोन बिऱ्हाडं आहेत.' तो खोटं बोलतो असं नाही, पण भाड्याचा आकडा कराच्या माणसापर्यंत जाऊ नये एवढं त्याला कळतं.

जनगणनेचा नियम खरं तर चांगला आहे. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, नात्याची असोत वा नसोत. चार पोरं एकत्र शिजवून खात असतील तर ते एक कुटुंब. मेस लावलेली असेल तर हिशेब वेगळा. वसतिगृह, कंपनीची निवासी शेड ही संस्थात्मक कुटुंबं, त्यांची नोंद निराळी. नियमात 'चूल' आहे, म्हणून दारावरची पाटी मोजून भागत नाही.

त्यामुळं ग्रामपंचायतीनं आपली मोजणी आपण करावी. खर्चिक काम नाही. महावितरणकडून गावाच्या घरगुती मीटरांची रोहित्रागणिक (ट्रान्सफॉर्मरगणिक) यादी मागायची. गल्ल्यांचे तीन प्रकार पाडायचे: स्वतःची घरं, खोल्यांच्या इमारती, आणि मेस-शेडची वस्ती. प्रत्येक प्रकारातून चाळीस-पन्नास मीटर निवडायचे, तेही डोळ्यानं 'बरी' घरं पाहून नाही, यादीत ठरावीक अंतरानं, जिथं आकडा पडेल तिथं. प्रत्येक मीटरवर तीनच प्रश्न. या मीटरवर चुली किती? काल रात्री या चुलीवर जेवले किती जण? त्यात सहा वर्षांखालची लेकरं किती? नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, भाडं तर अजिबात नाही. भाडं विचारलं की पुढच्या दारात चुली आपोआप कमी होतात.

आकडे कसे फिरतात ते उदाहरणानं पाहू. समजा गावात ६,००० घरगुती मीटर. त्यातले २,५०० स्वतःच्या घरांचे, मीटरला १.२ चुली, चुलीला ४.५ माणसं: १३,५००. ३,००० मीटर खोल्यांच्या इमारतींचे, मीटरला ३.४ चुली, चुलीला ३.२ माणसं: ३२,६४०. उरलेले ५०० मेस-शेडचे, मीटरला सरासरी ५ माणसं: २,५००. बेरीज ४८,६४०. आणि कार्यालयात बसून 'एक मीटर म्हणजे एक कुटुंब, एका कुटुंबात साडेचार माणसं' असा गुणाकार केला तर २७,०००. मधली साडेएकवीस हजार माणसं कुठंच नाहीत. त्यांचं पाणी ५५ लिटरनंच धरलं तरी रोज बारा लाख लिटरच्या आसपास जातं. टाकी एवढ्यानं लहान पडते.

पडताळणीला चार जागा आहेत, पण चारही अर्धवट खरं सांगतात. अंगणवाडीच्या नोंदवहीत लेकरं असतात, मात्र पोरांच्या खोल्यांत लेकरंच नसतात. मुलांच्या संख्येवरून एकूण वस्ती काढली तर ती नेहमी कमी येते. शाळेच्या पटावरून काढायची तर इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीनं शहरात जाणारी मुलं सुटतात. गॅसजोडणी मूळ गावच्या पत्त्यावर, खोलीत पाच किलोचं छोटं सिलिंडर, कोपऱ्यावर भरून घेतलेलं. सगळ्यात फसवी मतदार यादी. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी या पट्ट्यातल्या थांब्यांवर बीड, जालना, परभणीच्या गाड्यांना उभं राहायला जागा नसते. ज्या यादीसाठी वस्ती रिकामी होते, तिच्यावरून ती वस्ती मोजायची म्हणजे कमालच झाली.

वेळही सांभाळावी लागते. मे महिन्यात मोजलं तर अर्ध्या खोल्या रिकाम्या. दिवाळीत तेच. पोळा, महालक्ष्म्या, आषाढीचे दिवस टाळावेत. पट्ट्यातल्या पंढरपूरला आषाढीला भाविकांची एवढी रीघ लागते की त्या आठवड्यात कुठलंच मोजमाप धड होत नाही. जुलैअखेर किंवा जानेवारीचा दुसरा पंधरवडा बरा. संध्याकाळी सात ते साडेनऊ, आणि एक रविवार. कुलूप दिसलं तर तीन वेगळ्या पाळ्यांच्या वेळी तीन खेपा. तिसऱ्या खेपेलाही कुलूप असेल तरच 'बंद' लिहायचं, आणि त्याऐवजी शेजारचं मीटर घ्यायचं नाही. शेजारचं घेतलं की नेहमी घरी असणारी माणसंच जास्त मोजली जातात आणि सगळी मेहनत वाया. मोजायला वसुली लिपिक पाठवू नये. बचत गटातल्या बायका आणि महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं यांच्यापुढं लोक खरं बोलतात.

यावर जुन्या गावकऱ्यांचा आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शहर झालो तर घरपट्टी वाढेल. कारखान्यांकडून येणाऱ्या कराचा वाटा हातचा जाईल. रेशनचं काय? अन्न सुरक्षा कायद्यात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या ७६.३२ टक्के लोकांना धान्य मिळू शकतं, शहरी भागातल्या ४५.३४ टक्क्यांनाच. उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि गावात ४४,००० हे शहराच्या बाजूनं आहे, पण कोटाच कमी असेल तर मर्यादेला काय करायचं. ग्रामीण घरकुल योजनेचं दारही बंद होतं. ज्याची दोन एकर जमीन अजून बिनशेती व्हायची आहे त्याला, आणि गावठाणातल्या पत्र्याच्या घरातल्या विधवेला, शहर होणं सारखं परवडत नाही.

आक्षेप खरा, पण तो राखतो कुणाचं? रेशनकार्ड असलेल्या जुन्या रहिवाशाचं. खोलीतल्या भाडेकरूचं रेशनकार्ड मुळात गावाकडं आहे. त्याला गावपणाचा कुठलाच लाभ मिळत नाही, ५५ लिटरचा तोटा मात्र पुरा मिळतो. आणि आज पट्ट्यात तोच बहुसंख्य आहे. म्हणून रूपांतराच्या अधिसूचनेसोबत दोन अटी मागाव्यात: असलेली रेशनकार्डं कोट्याच्या नावाखाली रद्द होणार नाहीत, आणि घरपट्टी पहिली पाच वर्षं टप्प्यानं वाढेल. अशा अटी आधी लिहून घेतल्या तर ठीक, नंतर मोर्चे काढून मिळत नाहीत.

वसईचा धडा इथंच कामाला येतो. तिथं ५३ गावं एका फटक्यात महापालिकेत घातली. पश्चिमेच्या हिरव्या पट्ट्यातली वाड्या-विहिरींची गावं आणि पूर्वेच्या दाट चाळी यांची लोकसंख्या, घनता, कामधंदा, कशाचाच मेळ नव्हता. टँकरसाठी विहिरी उपसल्या की पाणी खारं होतं, हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या चळवळीनं १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पुढं गावं वगळण्याचं आंदोलन झालं, सरकारनं २९ गावं वगळायचं ठरवलं आणि प्रकरण न्यायालयात अडकलं. गावं घातल्यानं एवढं बिघडलं नसतं. मोजणी, नकाशा आणि पाणी यांच्याआधी हद्द आखली, म्हणून बिघडलं.

आपल्याकडचं घरचं उदाहरण सातारा-देवळाईचं. आधी ग्रामपंचायती, मग थोडे दिवस नगर परिषद, आणि २०१५ पासून महापालिका. कर महापालिकेचा लागला. पाण्यासाठी कित्येक वसाहती त्यानंतरही वर्षानुवर्षं टँकर आणि बोअरवर राहिल्या. ११५ नगरसेवकांच्या सभागृहात कडेच्या वस्तीचा आवाज किती पोचतो, हेही तिथल्या लोकांना ठाऊक आहे. म्हणून वाळूज पट्टा महापालिकेत घालावा असं आम्हाला वाटत नाही. महापालिकेला वर्षानुवर्षं जुन्या शहराचंच पाणी धड पुरवता आलेलं नाही, नळ चार-पाच दिवसांआड, कधी आठवड्यानं येत आले. तिच्या गळ्यात आणखी एक उपनगर बांधून दोघांचंही भलं नाही. पट्ट्याकडं स्वतःचा करदाता आहे, कारखाने आहेत, एमआयडीसीचं पाणी आहे. चाळीस हजार ते एक लाख वस्तीची 'ब' वर्ग नगर परिषद होते, लाखापुढं 'अ' वर्ग. हा पट्टा एकत्र मोजला तर कुठल्या वर्गात बसतो, हे अंदाजानं नको, चुलींच्या बेरजेनं ठरू दे.

वेळेची एक अडचण आहे, तिचा उपयोगही करून घेता येईल. जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ नंतर हद्दी गोठवल्या आहेत, जनगणना पुरी होईपर्यंत कुठलंही गाव शहर होणार नाही. हा काळ प्रस्ताव तयार करायचा. पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींनी एकाच नमुन्यानं मोजणी करावी, म्हणजे बेरीज जुळेल. शिवेवरच्या इमारती दोन्ही गावांनी मोजू नयेत म्हणून त्यांची वेगळी यादी करावी. तीसगाव आणि वडगावच्या मधल्या गल्ल्यांत हा घोळ हमखास होतो. मीटर एका गावात, संडासाची टाकी दुसऱ्या गावात, अशा इमारती निघतील. त्यांना मीटर ज्या गावात आहे तिथंच धरावं आणि नकाशावर लाल खूण करावी. भुयारी गटाराची पहिली रेषा आखताना अभियंत्याला त्या लाल खुणाच लागणार आहेत.